प्रस्थानाचा फेरा

आमच्या घराण्यात मोटारशर्यतीत उतरलेले दोघेच. एक माझा थोरला भाऊ अण्णा आणि दुसरा, नजरचुकीनं, मी.

साठीच्या दशकातलं मद्रास. मोटारशर्यत हा गिरणीमालकांचा खेळ. आम्ही नुंगंबाक्कमच्या भाड्याच्या घरातले तंजावरी कारकून. पण कार्ट नावाची बुटकी गाडी घरीही बनवता येते, असं अण्णानं कुठंसं वाचलं. भंगारातून स्कूटरचं इंजिन आलं. सांगाड्याला लोखंडी नळ्या हव्यात म्हणून खाट कापली. (माझी!) "हीच खाट शर्यत पुरी करील बघ," अण्णा म्हणायचा. दोन वर्षं मी चटईवर झोपलो.

शर्यत रविवारी पावणेपाचला, गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर. ओझं नको म्हणून अण्णानं फेऱ्यांपुरतंच पेट्रोल भरलं. तिथं पोचल्यावर आमच्या वडलांनी, अप्पांनी, पंचांग उघडलं.

"साडेचारला राहुकाळ लागतो! मुलगा निघणार नाही."

"अप्पा, शर्यत माझ्यासाठी थांबेल का?" अण्णा रडकुंडीला येऊन नाव नोंदवायला गेला.

आईनं तोड काढली. "अहो, प्रस्थान ठेवा की! आत्ताच गाडी चार पावलं पुढं न्या. निघाल्यासारखंच झालं."

स्टिअरिंग धरायला मला बसवलं. दोघांनी मागून ढकललं. एक, दोन, तीन... या गाडीला क्लच नाही, ढकललं की ती सुरूच होते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक नव्हतं!

"अय्यय्यो! चारच पावलं रे!" आई ओरडली.

मी चाळिसाव्या पावलावर होतो. घाबरून उजवा पाय ताणला, तो नेमका ॲक्सिलरेटरवर! वळण आलं की मी डोळे मिटून देवीचं नाव घ्यायचो. पुरा फेरा झाल्यावर अण्णाची हाक ऐकू आली, "डावा पाय दाब, पंडिता! ब्रेक डावा!"

शर्यतीत माझ्या खाटेनं विलायती गाड्या मागं टाकल्या. अण्णा दुसरा होता! आणि शेवटचा फेरा सुरू होतानाच पेट्रोल संपलं. ते कुणी संपवलं, हे सांगायला नको.

अण्णा उतरला. अख्खा फेरा त्यानं गाडी ढकलत नेली आणि सगळ्यांत शेवटी रेघ ओलांडली. कधी मोठ्यानं न बोलणारे अप्पा अनोळखी लोकांना हलवून सांगत होते, "आमचा मुलगा! गाडी घरी केलीय!"

मी मान खाली घातली. अण्णा धापा टाकत हसला. "शेवटचा फेरा होय? तो धाकट्यानं आधीच मारून ठेवला होता!"

पुढं जन्मभर हे तो पाहुण्यांना सांगायचा. गेल्या महिन्यात अण्णा गेला, म्हणून आता मी सांगतो. आयुष्यात एकदाच मी त्याच्या पुढं होतो, आणि तेव्हाही माझे डोळे मिटलेलेच होते!