फिनिक्सची वाहतूक, कार्ल्सरूहेहून

माझ्या सासू-सासऱ्यांचं विमान चुकलं तेव्हा मी त्यांच्यापासून नऊ हजार किलोमीटर दूर बसलो होतो, आणि तरीही ते माझ्यामुळेच चुकलं.

आम्ही जर्मनीत कार्ल्सरूहेला राहतो. कंपनीचे सर्व्हर चालू आहेत की पडले, हे दिवसभर स्क्रीनवर बघत बसण्याचा मला पगार मिळतो. (सासरी याचं वर्णन 'निखिलराव तिकडे कंट्रोल रूम सांभाळतात' असं केलं जातं. मी ते कधी दुरुस्त केलेलं नाही.) माझा मेहुणा ओंकार अमेरिकेत, फिनिक्सला असतो. भर वाळवंटात वसवलेलं शहर, सरळसोट रस्ते आणि त्या रस्त्यांवर कॅमेरे. ते कॅमेरे इंटरनेटवर कोणालाही थेट बघता येतात, हा शोध मला एका रिकाम्या दुपारी लागला आणि मी कामातून गेलो. इथे खिडकीबाहेर करडं आभाळ, आणि माझ्या दुसऱ्या स्क्रीनवर लख्ख ऊन, निवडुंग आणि गाड्याच गाड्या! ओंकार ऑफिसला निघाला की मी इथून मेसेज टाकायचो, 'पुलापाशी गर्दी आहे.' त्याने दोनदा आभार मानले आणि तिथेच घात झाला.

मधुराचा, म्हणजे माझ्या बायकोचा, नववा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आमच्या बाबतीत माहेरच विमानाने यायचं होतं. सासू-सासरे दोन महिने ओंकारकडे राहून तिथून थेट आमच्याकडे निघणार होते. नऊ महिने मधुराने एकटीने सगळं निभावलं होतं, डॉक्टरांशी जर्मनमधून भांडण्यासकट. आता तिचं एकच म्हणणं होतं, आई पोचेपर्यंत काही होऊ नये. दिलेल्या तारखेला अजून दहा दिवस होते.

ते निघाले त्या दिवशी फिनिक्सला सकाळ होती, आमच्याकडे दुपारचे चार. गाडी ओंकार चालवत होता, बाबा पुढे, आई मागे. हाताशी जेमतेम तासाभराची सवड होती. मला कोणी काहीही विचारलं नव्हतं, हे इथे प्रामाणिकपणे नमूद करतो. फोन मीच केला.

"बाबा, पुढे हायवे पार तुंबलाय. आता येईल तिथून खाली उतरा, आतल्या रस्त्याने जा."

ओंकार म्हणाला की त्याच्या फोनवरचा नकाशा तर पाचच मिनिटांचा उशीर दाखवतोय. पण आमचे सासरे जुन्या वळणाचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही हा नियम आयुष्यभर पाळलेले.

"ओंकार, निखिलरावांना तिकडून सगळं दिसतंय," ते म्हणाले. "तू तो नकाशा बंद कर. जावई सांगत असताना दुसऱ्या कोणाला विचारायचं, हे बरं दिसत नाही."

ओंकारने नकाशा बंद केला आणि गाडी खाली उतरवली. (तुंबलेली बाजू विमानतळाकडून येणाऱ्या गाड्यांची होती. त्यांची बाजू मोकळी होती. हे मला संध्याकाळी कळलं.)

आता अडचण अशी की ओंकारची गाडी पांढरी, आणि उन्हापायी त्या गावात दर दुसरी गाडी पांढरी. आपली कुठली ते कळेना. मी आईंना विचारलं, जवळ लाल काही आहे का? त्यांच्या गळ्यात लाल ओढणी होती. ती त्यांनी मागच्या खिडकीतून बाहेर धरली. बाहेर सकाळीच पस्तीस अंश तापमान, गाडीतला एसी सगळा वाळवंटाला चाललेला, आणि एरवी खिडकीतून हातसुद्धा बाहेर न काढणाऱ्या माझ्या सासूबाई जावयाच्या सांगण्यावरून निशाण फडकवत अमेरिकेतून चाललेल्या!

आणि मला ते दिसलं. चौकातल्या कॅमेऱ्यात एक छोटीशी पांढरी गाडी, आणि तिच्या मागे काहीतरी लाल फडफडतंय. मी मधुराला हाक मारली. ती कमरेवर हात ठेवून हळूहळू आली, स्क्रीनपाशी वाकली, आणि त्या लाल ठिपक्यावर तिने बोट टेकवलं.

"ही ओढणी मीच दिली होती आईला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मी अधिकच जोरात आलो. सिग्नलला उजवीकडे घ्यायला सांगितलं. स्क्रीनवरची गाडी सरळ निघून गेली. आता जावई झालो म्हणून काय, मलाही राग येतो.

"बाबा, उजवीकडे म्हटलं होतं मी."

"घेतलं की उजवीकडे."

"नाही घेतलंत. मला दिसतंय ना इथे."

पलीकडून बाबांचा आवाज आला, "ओंकार, घे बाबा उजवीकडे." गाडी पुढच्या कॅमेऱ्यात आली, तरी सरळच! मी पुन्हा उजवीकडे सांगितलं. पुन्हा सरळ. दर खेपेला मी अधिक गंभीर आवाजात सांगायचो आणि दर खेपेला स्क्रीनवरची गाडी नाकासमोर जायची. नकाशा लावू का, असं ओंकारने मध्येच विचारून पाहिलं. बाबांनी त्याला गप्प केलं. मग मागच्या सीटवरून आई अगदी हळू आवाजात म्हणाल्या की हे गाद्यांचं दुकान मगाशीही लागलं होतं, त्याच्या आधीही लागलं होतं. मी त्यांना समजावलं की आई, मला तरी इथे कुठलंही गाद्यांचं दुकान दिसत नाहीये. आणि त्या बिचाऱ्या गप्प बसल्या. डोळ्यांसमोर दुकान असलेली बाई गप्प बसली, कारण जावयाला ते जर्मनीतून दिसत नव्हतं.

असा सव्वा तास गेला. शेवटी ती पांढरी गाडी एका कॅमेऱ्याच्या अगदी खालीच थांबली. दार उघडलं आणि आतून एक धिप्पाड दाढीवाला गृहस्थ उतरला. त्याने मागे जाऊन लाल फडकं सोडलं आणि गाडीतून चांगली दहा फुटांची शिडी बाहेर ओढली. शिडीचं टोक मागे आलं होतं, म्हणून त्याने फडकं बांधलं होतं.

मधुरा माझ्या खुर्चीला धरून उभी होती.

"निखिल," तिने विचारलं, "हे कोण आहेत?"

नकाशा लावल्यावर कळलं की विमानतळ तिथून दहा मिनिटांवर होता. ते धावतपळत पोचले तेव्हा काउंटर बंद झालं होतं. पुढच्या दोन जागा मिळाल्या त्या चौथ्या दिवशीच्या. बाबांनी फोन करून मलाच धीर दिला, मनाला लावून घेऊ नका म्हणाले, परक्या गावात असं व्हायचंच. मधुरा झबली घडी करत बसली, आणि घड्या झाल्यावर त्याच उलगडून पुन्हा घालू लागली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करता करता तिने ताटली बाजूला सारली.

"निखिल, सुरू झालंय," ती म्हणाली. "आणि आई नाहीये."

टॅक्सीतच मी ठरवलं की आईंची उणीव आपण भरून काढायची. हॉस्पिटलच्या क्राइसझालमध्ये, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत शिरलो, तर समोर भिंतीवर स्क्रीन! त्यावर रेघा, रेघांना चढ आणि उतार. कळ आली की चढ, ओसरली की उतार. हे तर माझंच काम. मी मधुराचा हात घट्ट धरला, स्क्रीनवर नजर रोखली आणि सुरू झालो. आली बघ, आता चढतेय, श्वास घे. शाब्बास, आता उतरतेय, सैल सोड. मधुरा मात्र भलत्याच वेळी माझा हात पिळत होती. मी प्रेमाने म्हणालो, "अगं आत्ता नाही. आत्ता उतार आहे."

दारात उभी असलेली हेबामे, म्हणजे इथली सुईण, थोडा वेळ हे ऐकत होती. (तिला मराठी येत नव्हतं, पण माझं बोट कुठे आहे ते दिसत होतं.) मग ती जवळ आली.

"हे बघा," ती शांतपणे म्हणाली, "वरची रेघ शेजारच्या खोलीतली आहे. तुमची बायको खालची."

मधुराने माझी हनुवटी पकडली आणि माझं तोंड स्वतःकडे वळवलं.

"निखिल, मी इथे आहे."

पुढचे तीन तास मी दुसरीकडे कुठेही बघितलं नाही. आम्हाला मुलगी झाली. तिला पहिल्यांदा हातात घ्यायला तिची आजी तिथे नव्हती, आणि ती माझ्यामुळे नव्हती, याची मला अजून लाज वाटते. शेजारच्या खोलीतल्या बाईंना काय झालं ते मला ठाऊक नाही. पण त्यांच्या निम्म्या कळांना मी अगदी मनापासून धीर दिला होता.