बगीचे में घोरपड

कप आधी खाली ठेवा. नाही, खरंच ठेवा! मागे हा प्रसंग सांगत होते, तर माझ्या मावसबहिणीनं चहा नाकातून काढला होता, आणि सोफ्याचं कव्हर माझं होतं. आणि हो, मध्येच कुणी "तुला तेव्हाच कळलं कसं नाही गं?" असं विचारायचं नाही. नाही कळलं! कळलं असतं तर आज तुम्हाला सांगायला काय उरलं असतं?

तर, नव्वदच्या दशकातली गोष्ट. परदेशी कंपन्या धडाधड देशात येत होत्या. त्यातल्या एकीनं माझ्या नवऱ्याला, सुधीरला, पुण्यातून उचललं आणि दिल्लीला नेलं. दिल्ली कसली, गाझियाबाद! आणि गाझियाबादचंही अगदी टोक. नवी कोरी कॉलनी. पुढे अर्धवट रस्ता, मागे थेट शेतं. बिल्डरच्या माहितीपत्रकात स्विमिंग पूल होता. तसा तो जागेवरही होता, पण त्यात म्हशी पोहायच्या.

सगळे वैतागले होते. मी मात्र खूश! कारण पुण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये वन्यजीव म्हणजे पाल. आणि इथं? सकाळी कालव्याच्या बाजूनं फिरायला निघालं की नीलगाय. बाजरीत मोर. कुंपणातून मुंगसांचं अख्खं कुटुंब एकामागोमाग एक असं पलीकडे जायचं, जणू शाळेची सहल. सुधीरला ऑफिसात दुर्बीण भेट मिळाली होती, ती मी गळ्यात अडकवली ती अडकवलीच. भाजीला जातानासुद्धा! आणि दिसेल ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटायची. हिंदीत.

माझं हिंदी उत्तम होतं. असं माझं मत होतं. फक्त लिंगाचा जरा घोळ व्हायचा. मग मी माझा एक नियम काढला होता: मोठं असेल ते 'आया', लहान असेल ती 'आयी'. सोपं की नाही?

आता मुख्य मंडळी. सुधीरची धाकटी बहीण मेधा आमच्याकडेच राहायची, नेहरू प्लेसला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करायची. आदल्या वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तिची एका निखिलशी ओळख झाली आणि दोघांचं जमलं. निखिलची आई गोड. अडचण एकच, निखिलचे वडील. केंद्र सरकारात मोठे अधिकारी, आर. के. पुरमला क्वार्टर, आणि शिस्त अशी की घरातलं मांजरसुद्धा विचारून म्याँव करत असेल. शिवाय मिशी! आधी मिशी खोलीत यायची, मागून साहेब यायचे.

आणि आडनाव? घोरपडे.

रविवारी दुपारी ते तिघं आमच्याकडे यायचे ठरले. मी आठवडाभर आधीच गेटवरच्या तेजपालला आणि शेजारच्या चौधरी आंटींना सांगून ठेवलं होतं, "संडे को घोरपडे आनेवाले हैं. लडकेवाले!"

उजाडला रविवार. भाद्रपदातली ती दिल्लीकडची चिकट सकाळ, नुसतं उभं राहिलं तरी घाम. मी पोह्यांसाठी कढीपत्ता तोडायला मागच्या बागेत गेले. आणि कूलरच्या मागे बघते तर काय?

घोरपड!

चांगली माझ्या हाताएवढी लांब. नाही, दोन हात धरा! तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि लांबलचक जीभ काढून दाखवली. मी किंचाळले. तशी ती सरसर भिंतीवर चढली आणि थेट बाथरूमच्या खिडकीला जाऊन चिकटली. आत मेधा आंघोळ करत होती!

सुधीर तोंडात ब्रश घेऊन आला. बघितलं. "गरीब जनावर असतं गं. काही करत नाही. राहू दे." आणि गेला पेपर वाचायला.

राहू दे? अहो, दुपारी व्याही येणार, आणि बैठकीत ही बया फिरत आली तर? घोरपडे यायचे आणि घरात घोरपड! त्यांना वाटायचं, आम्ही मुद्दाम सोडली! बघा, एवढं माझ्या डोक्यात आलं. जे यायला हवं होतं, ते काही आलं नाही.

मी कुंपणाशी धावले. चौधरी आंटी पलीकडे भेंडी चिरत बसल्या होत्या.

"आंटी! घोरपड आया है!"

"इतनी सुबह?" आंटी म्हणाल्या. "तू तो कह रही थी, दोपहर को आएँगे."

"अरे, बिना बताए आया! बगीचे में छुपके बैठा था. कूलर के पीछे!"

आंटींची सुरी थांबली. "कूलर के पीछे क्या कर रहा था?"

"क्या पता! मुझे देखा और जीभ निकाला. ऐसे!" मी करून दाखवलं.

"हाय राम! तुझे देख के?"

"और फिर सीधा बाथरूम की खिडकी पे चढ गया! अंदर मेधा नहा रही थी!"

आंटींच्या मांडीवरची भेंडी खाली. "भाई साहब ने कुछ नहीं कहा?"

"वो तो बोलते हैं, बेचारा गरीब होता है, रहने दो."

"रहने दो? अरे, कैसा भाई है!"

मला वाटलं, काय जाणकार बाई आहे, किती आस्था! मग मला चेवच चढला. महाराष्ट्राची माहिती नको का द्यायला? म्हटलं, "आंटी, हमारे यहाँ तो पुराने जमाने में इसकी कमर को रस्सी बाँधके किले पे चढाते थे."

"लडके के बाप को?"

हे वाक्य मी ऐकलं होतं हो! पण मला वाटलं, नरमादीचं काहीतरी विचारतायत. म्हटलं, "बाप हो या माँ, कोई भी चलता है. और गाँव में कुछ लोग तो पकाके खाते भी थे. तेल निकालते थे, घुटने के लिए."

चौधरी आंटींनी आपली खुर्ची हळूच थोडी मागे सरकवली.

"अब कहाँ है वो?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"भाग गया. पर आएगा. एक बार घर देख लिया ना, तो फिर आता है."

"आने दे!" आंटी पदर खोचून उठल्या. "तू फिकर मत कर. चौधरी साहब को बोलती हूँ. चार आदमी गेट पे खडे करेंगे."

गेटवर कशाला, असं मला वाटलं. पण म्हटलं, स्थानिक माणसं, त्यांना घोरपडीचा रस्ता ठाऊक असणार.

दुपार झाली. मेधा साडी नेसून तयार, पोह्यांवर खोबरं पेरलेलं, सुधीर तिसऱ्यांदा भांग पाडत होता. तेवढ्यात फोन वाजला. मोबाइल कुठले तेव्हा? आमचा काळा डबा, आणि त्यातून नेहमी पापड भाजल्यासारखा आवाज. गेटवरून चौधरी आंटी.

"पकड लिया! घोरपड पकड लिया!"

"शाब्बास!" मी आनंदानं ओरडले. "किधर था?"

"गाडी में आया था!"

गाडीच्या खाली असेल, मी मनात म्हटलं. "मारना मत हाँ, आंटी! मैं बोरा लेके आती हूँ. बोरे में डालके ये उसको नहर पे छोड आएँगे. स्कूटर पे!"

पलीकडे आंटी कुणाला तरी म्हणाल्या, "बोरे में डालेगी!"

"और सुनो, काटता है! पूँछ पकडके रखो! कसके!"

"मूँछ?"

"हाँ हाँ, पूँछ! उसकी सारी ताकत उसीमें होती है!"

मी स्वयंपाकघरातलं तांदळाचं पोतं रिकामं केलं आणि धावत सुटले. साडी नेसलेली, कपाळाला टिकली, हातात पोतं.

गेटवरचं दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तेजपालच्या स्टुलावर घोरपडे साहेब बसले होते. सफारी सूट, पायात चकचकीत बूट. दोन दंड दोन माणसांनी धरलेले. समोर चौधरी साहेब, आणि त्यांच्या चिमटीत घोरपड्यांच्या मिशीचं उजवं टोक! आंटी कमरेवर हात ठेवून ओरडत होत्या, "सुबह तो बडी जीभ निकाल रहा था! अब निकाल!" निखिल सगळ्यांना हात जोडत होता. त्याची आई मारुतीतच बसून होती. तिनं आधी मला पाहिलं, मग माझ्या हातातल्या पोत्याला.

"अहो," ती क्षीण आवाजात म्हणाली, "ते पोतं... आमच्या ह्यांच्यासाठी आणलंत?"

आणि तेव्हा, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. उजेड कसला, वीजच पडली!

"आंटी, छोडो! ये घोरपड नहीं है! ये घोरपडे है!"

"तो फरक क्या है?" चौधरी साहेबांनी मिशी न सोडता विचारलं.

"एक मात्रे का!"

मिशी सुटली. पण कुणालाच काही उमगेना. मग मी पोतं टाकून तिथल्या तिथे वाकले, हात पसरले, मान वळवळवली, जीभ काढली. घोरपडे साहेब, बाप माणूस, एकटक माझ्याकडे बघत होते. होणाऱ्या सुनेची वहिनी म्हणून त्यांना झालेलं माझं ते पहिलं दर्शन!

घरापर्यंत आम्ही सगळे चालत गेलो. चौधरी मंडळीही मागोमाग, माफी मागत. फाटकातून आत आलो, आणि पायरीवर, ऐन दारात, ती पसरलेली. ऊन खात. खरी!

"अरी, ये तो गोह है!" आंटी किंचाळल्या. "गोह बोलना था ना, बहनजी!"

घोरपडे साहेब पुढे झाले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिनं जीभ काढली. साहेबांनी नकळत मिशीवर हात ठेवला. मग ती सावकाश उतरली आणि कर्दळीत निघून गेली.

आत पोहे झाले, चहा झाला. मेधाच्या डोळ्यांत पाणी. आपल्यामुळे पोरीचं मोडलं, या विचारानं मी रिकामे कप उगाच इकडून तिकडे मांडत होते. सुधीर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

शेवटी साहेबांनी रुमालानं मिशी पुसली. आधी डावीकडची, मग जरा जपून उजवीकडची.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," ते म्हणाले. "देणंघेणं, मानपान काही नको. फक्त माझी एक अट आहे."

"सांगा ना," सुधीर खुर्चीच्या कडेवर आला.

"लग्नाला माझ्या ऑफिसची मंडळी येतील. सगळी इकडचीच. त्यांच्याशी ह्यांनी," माझ्याकडे बोट, "हिंदीत एक शब्द बोलायचा नाही."

कबूल! मी मान इतकी जोरात हलवली की टिकली पडली.

आणि मी शब्द पाळला हो! दिल्लीतच लग्न झालं. अख्खा दिवस ओठ शिवल्यासारखी वावरले. कुणी काही विचारलं की हात जोडायची आणि हसायची. कुणी फारच आग्रह केला तर खुणा करायची.

पंगतीच्या वेळी साहेबांच्या ऑफिसातल्या एक वयस्कर बाई सुधीरजवळ आल्या. माझ्याकडे बघून त्यांचे डोळे भरून आले होते. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बेटा, बडा दुख हुआ. इतनी सुंदर बहू, और बोल नहीं सकती?"

मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभी! सुधीरनं एकदा माझ्याकडे पाहिलं, वर आभाळाकडे पाहिलं, आणि हात जोडून म्हणाला,

"दुख कैसा, माताजी? बडी मन्नतें माँगी थीं, तब जाके आज का दिन मिला है."