क्राकोवमधली मेणबत्ती

पोलंडच्या सहलीत, क्राकोवच्या एका जुन्या चर्चसाठी आम्हाला वीस मिनिटं दिली होती. मी रंगवलेल्या छताचे फोटो काढत होते. शेजारी एक म्हातारी बाई मेणबत्ती लावू पाहत होती, पण हात थरथरत असल्यामुळे काडी सारखी विझत होती. शेवटी तिने काडेपेटी माझ्यापुढे धरली. मी मेणबत्ती लावून दिली, तर तिने माझा हात घट्ट धरला आणि डोळे मिटून प्रार्थना पुटपुटू लागली.

"काकू, चला! सगळे बसमध्ये बसलेत!" आमचा टूर मॅनेजर दारातून ओरडला.

"आले, आले," म्हणत मी हलकेच हात सोडवला. तिने डोळे उघडले नाहीत. तिची बोटं मात्र माझा हात चाचपडत राहिली.

आई दवाखान्यात होती तेव्हा मीही गावच्या देवळात अशीच उभी राहायचे. तेव्हा शेजारी कुणी कळसाचे फोटो काढत असतं तर?

बसमध्ये पुढच्या किल्ल्याच्या गप्पा रंगल्या होत्या. माझं लक्ष लागेना. पाच मिनिटं थांबले असते तरी बस मला सोडून गेली नसती, आणि हे मला हात सोडवतानाही ठाऊक होतं.