पातं नसलेला चाकू

भाऊ येणार होता त्या सकाळी मी घरातली पाती गोळा करत होते. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, विळी, कात्री, ह्यांचं दाढीचं सामान. ते सगळं एका पिशवीत मावलं. मग मी मागच्या खोलीत माझ्या टेबलापाशी आले आणि खुर्चीवर बसूनच राहिले. टेबलावरचं कुठल्या पिशवीत भरायचं ते कळेना.

मला खिशातल्या घडीच्या चाकूंचं वेड आहे. एकाच मुठीत पातं, कात्री, आरी, स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा असं सगळं मिटवून ठेवलेलं असतं, तसले चाकू. मी दातांच्या लॅबमध्ये कामाला आहे, कवळ्या आणि कॅपा बनवते. एकदा आठवडी बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगात तसला एक गंजका चाकू मिळाला. लॅबच्या मशीनवर त्याचे रिव्हेट, म्हणजे आरपार ठोकलेल्या खिळी, कापून तो उघडला, आणि मी अडकले. आत थरावर थर असतात. प्रत्येक थरात एक-दोन हत्यारं, त्यांच्या पाठीशी पोलादाची स्प्रिंग, मध्ये पातळ पत्रे. एका चाकूचा थर काढून दुसऱ्यात घालता येतो. नको ते हत्यार टाकून हवं ते बसवता येतं. मुठीच्या बाजू मी घरीच करायचे. जुन्या चादरीचे तुकडे रेझिनमध्ये बुडवून एकावर एक दाबले आणि घासले की लाकडासारखे टणक होतात, आणि विणीची नक्षी आतून दिसत राहते. ओळखीपाळखीचे लोक चाकू घेऊन यायचे. एकाला पेरू कापायला लांब पातं हवं असायचं, दुसऱ्याला कात्रीच बदलून पाहिजे असायची. ‘बायकांचा छंद म्हणजे विणकाम, आमच्याकडं चाकू,’ असं हे लोकांना कौतुकानं सांगायचे.

आता त्या टेबलावर लहानमोठी कितीतरी धारदार पाती होती, आणि ज्याच्यापासून ती लपवायची तो माझा धाकटा भाऊ होता.

पुण्यात त्यानं स्वतःला संपवायचा प्रयत्न केला होता. खोलीतला मित्र वेळेवर परतला म्हणून वाचला. दवाखान्यातून सोडलं तेव्हा त्याला माळशिरसला घरी न्यायचं आईला धाडस होईना. तिथं लोक भेटायला येणार, आणि येणारा प्रत्येक जण काय झालं म्हणून विचारणार. सोलापुरात चांगले मनोविकारतज्ज्ञ आहेत, माझ्याकडं जागा आहे, म्हणून तो आणि आई माझ्याकडं येणार ठरलं. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं होतं की धारदार वस्तू आणि औषधं कुलपात ठेवा, आणि त्याला एकटं सोडू नका.

शेवटी ह्यांनीच मार्ग काढला. हे होटगी जंक्शनला रेल्वेत आहेत. तिथं त्यांना लोखंडी लॉकर आहे. चाकू आणि सुटी पाती भरलेली माझी सगळी पेटी ते ड्युटीला जाताना घेऊन गेले. टेबलावर फक्त काम घट्ट धरायचा वाईस राहिला, आणि पेटीच्या जागी धूळ नसलेला एक चौकोन.

भाऊ आला तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटावा असा. दाढी वाढलेली, शर्ट खांद्यावरून ओघळलेला. चहा घेतल्यावर तो घरभर हळूहळू फिरला. मागच्या खोलीच्या दारात थांबला आणि रिकाम्या टेबलाकडं बघत राहिला.

“तुजे चाकू कुटं गेले, ताई?”

लॅबमध्ये नेलेत असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. पण तो माझ्याकडं वळला तेव्हा ते माझ्याच्यानं बोलवेना. ह्यांच्या लॉकरला ठेवलेत, असं खरं तेच म्हणाले. त्यानं मान हलवली आणि जाऊन झोपला.

त्यानंतरचे दिवस आम्ही सगळे कान देऊन जगलो. बाथरूमची कडी काढून टाकली होती. तो आत गेला की आई बाहेर उभी राहून काहीतरी बोलत राहायची. शेजारच्यांचं, शेळीचं, ऊसतोडीचं, तोंडाला येईल ते. त्यानं आतून ‘हं’ म्हटलं की तिचा श्वास सुटायचा. भाजी चिरायला ती स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची आणि झालं की विळी पदराखाली घेऊन पुन्हा कुलपात ठेवायची. हे सगळं त्याला दिसत होतं. तो भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा आणि दिवसभरात चार शब्दही बोलायचा नाही.

डॉक्टरांकडं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला गेलो तेव्हा ते म्हणाले की हाताला काहीतरी काम द्या. मी चाचरत माझ्या छंदाबद्दल सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चाकूत आणखी काय काय असतं ते नीट विचारून घेतलं. मग म्हणाले, धार आणि टोक असलेलं काही नको, बाकी चालेल, तुम्ही शेजारी बसा. आणि एक, त्याच्यापासून लपवून काही करू नका.

मी लॅबमध्ये एक चाकू उघडला. त्यातून पातं काढलं, आरी काढली, कात्री काढली. चपट्या तोंडाचे स्क्रू-ड्रायव्हर, बाटली उघडायचं हत्यार, छोटं भिंग आणि मऊ टोकाचा चिमटा एवढंच ठेवलं. पत्रे आणि स्प्रिंगा रॉकेलमध्ये धुतल्या, आणि सुटे भाग एका डब्यात घालून घरी आणले. आईनं डबा बघितला आणि मला स्वयंपाकघरात ओढलं.

“इस्तवाशी खेळायलीस तू,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “काय झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?”

डॉक्टरांना विचारूनच केलंय, असं मी सांगितलं. तिला ते पटलं नाही. ती मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली ती उठलीच नाही.

भाऊ टेबलापाशी आला. मी त्याच्यापुढं पॉलिश पेपर ठेवला आणि पत्रे घासायला सांगितलं. त्यानं दोन पत्रे घासले. मग डब्यातले सगळे भाग कापडावर ओळीनं मांडले. लहानपणी रेडिओ उघडायचा तेव्हाही असंच मांडायचा.

“ह्यात पातं न्हाय.”

“नाही.”

“माज्यासाठी काढलंस?”

“हो. तुझ्यासाठी काढलं.”

आई उंबऱ्यावर ताठ झाली. भावानं हातातला पत्रा अगदी हलकेच खाली ठेवला, आणि तिला ओलांडून जाऊन पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडला. त्या रात्री तो जेवला नाही. मी खरं बोलून चुकले की काय, ह्या विचारानं दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये माझ्या हातून एक कवळी मोडली.

पण दोन-तीन दिवसांनी मी कामावरून आले तर तो टेबलापाशी बसलेला होता. सगळे पत्रे आरशासारखे झाले होते. शेजारी आई शेंगा सोलत होती. मी खुर्ची ओढली. त्या संध्याकाळी आम्ही थर जुळवले. पितळी रिव्हेट बसवताना फार घट्ट ठोकला तर हत्यारं उघडत नाहीत, सैल राहिला तर सगळं खुळखुळतं. हातोडीचा अंदाज त्याला माझ्यापेक्षा लवकर आला. स्क्रू-ड्रायव्हर उघडून मिटला तेव्हा टक् असा स्वच्छ आवाज झाला, आणि त्यानं तो पुन्हा पुन्हा करून ऐकला. तो चाकू त्यानं खिशात टाकला. मी तो तसाच नेऊ दिला.

पुढं रोज तासभर आम्ही बसू लागलो. मी लॅबमध्ये उघडून, धार असलेलं तिथंच ठेवून, बाकीचं घरी आणायचे. तो घासायचा, जुळवायचा. बोलणं अजूनही थोडंच होतं, पण जेवण वाढलं होतं. आई मात्र सैलावली नव्हती.

एका दुपारी लॅबमध्ये आईचा फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हतं. तिचा जरा डोळा लागला होता, उठून बघते तर दार उघडं आणि भाऊ नाही. त्याचा फोन उशाशीच होता.

मी कशी निघाले ते आठवत नाही. घरी पोचले तर आई रस्त्यावर अनवाणी उभी होती. भर उन्हात डांबरानं पाय भाजत होते आणि तिला त्याचं भान नव्हतं. मी तिला वर जाऊन बसायला सांगितलं, तो परत आला तर घरात कुणीतरी हवं. मग ह्यांना फोन लावला. हे म्हणाले, “मी रुळावरच्या माणसांना सांगून ठेवतो.” ड्युटीचं काहीतरी सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाले. माझ्या डोक्यात तोवर आमच्या भागातला तलाव होता. रूळ ह्यांनी आठवून दिले.

स्कूटर घेऊन मी आधी तलावाकडं गेले. काठावर दोन म्हशी आणि त्यांचा राखणदार, एवढंच होतं. कुणी आलं होतं का, असं त्याला विचारलं. न्हाय म्हणाला. तरी मी पाण्याकडं बघत उभी राहिले. पाणी अगदी निवांत होतं. मग परत फिरले. वाटेत प्रत्येक टपरीवर विचारत होते. पानवाल्यानं नाही म्हटलं, रसवंतीवाल्यानं नाही म्हटलं. घराजवळच्या कोपऱ्यावर केळी विकणारी बाई म्हणाली की दाढी वाढल्यालं एक माणूस ह्या बोळात गेलतं बघा.

बोळात एक केशकर्तनालय होतं. तिथं विचारावं म्हणून मी काचेचं दार ढकललं.

भाऊ खुर्चीत होता. मान मागं टाकलेली, डोळे मिटलेले, अर्धा चेहरा फेसानं भरलेला. न्हाव्यानं त्याची हनुवटी दोन बोटांनी वर धरली होती आणि वस्तरा गळ्यावरून सावकाश वर येत होता. मला ओरडताही येईना आणि आतही जाता येईना. त्या वस्तऱ्याला धक्का लागू नये म्हणून मी श्वाससुद्धा धरून ठेवला. वस्तरा हनुवटीपर्यंत गेला. न्हाव्यानं तो कागदावर पुसला. तेव्हा भावानं डोळे उघडले आणि त्याला मी आरशात दिसले.

“दाढी करायला आलोय, ताई,” तो म्हणाला. “तुज्या घरात ब्लेड हाय का एक तरी?”

न्हावी हसला. त्याला तो विनोद वाटला. मी बाकावर बसले. ह्यांना आणि आईला फोन करून सापडला म्हणून सांगितलं. दाढी पूर्ण होईपर्यंत मी तिथंच बसून होते.

परत येताना तो स्कूटरवर माझ्या मागं बसला. घराखाली उतरल्यावर म्हणाला, “तुमी समदी माज्या हाताकडं बघता. तोंडाकडं कुणी बघतच न्हाय.”

मला राग आला होता, प्रचंड. आई अनवाणी उभी होती, चिठ्ठी तरी ठेवायचीस, निदान फोन तरी न्यायचास, असं मी बोलून घेतलं. त्यानं ऐकून घेतलं. वर गेल्यावर आईनं त्याच्या गालावर हात ठेवला आणि तो काढेचना. नंतर मात्र ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिच्या तळव्यांना फोड आले होते. त्यांना मलम तोच लावत होता.

डॉक्टरांनी मग सांगितलं की एकेक गोष्ट घरात परत आणा, घाई नको. पहिल्यांदा विळी आली. आई समोरच्या खोलीत सगळ्यांदेखत वांगी चिरायला बसली. भाऊ पेपर वाचत होता, हे टीव्ही बघत होते, मी कपड्यांच्या घड्या घालत होते, आणि खोलीतल्या प्रत्येकाला विळीचा आवाज ऐकू येत होता. वांगी संपल्यावर आईनं विळी मिटून भिंतीला टेकवून ठेवली आणि उठून गेली. पुढं कात्री आली, ह्यांचं दाढीचं सामान आलं, आणि थंडी सुरू व्हायच्या सुमारास माझी पेटीही आली. भाऊ आता पात्यांना पॉलिश करू लागला होता. सुरुवातीला मी त्याच्या शेजारी बसून असायचे, नंतर चहा ठेवायला उठून जाऊ लागले.

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. एका सकाळी हे ड्युटीला निघाले होते. भाऊ पेटी उचलून घेऊन आला आणि त्यानं ती ह्यांच्या हातात दिली.

“भावजी, ही आज घेऊन जावा. आजचा दिवस बरा न्हाय माजा.”

आई पोळी लाटता लाटता थांबली. ह्यांनी पेटी घेतली. मी सुट्टी टाकली आणि त्याला डॉक्टरांकडं घेऊन गेले. औषध बदललं. पुढचे काही आठवडे पुन्हा कुलपाचे गेले, पण ह्या खेपेला कुलूप लावायचं त्यानं स्वतः सांगितलं होतं, आणि माझ्या मनात त्या गोष्टीनं फार फरक पडला. आईला किती पडला ते सांगता येणार नाही.

आता तो माळशिरसला असतो. ठिबकचं सामान दुरुस्त करतो, गोळ्या घेतो. पातं नसलेला तो चाकू त्याच्या खिशात असतो आणि फिल्टरचे स्क्रू तो त्यानंच उघडतो. त्यात पातं बसवून दे असं तो कधी म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात त्यानं एक फोटो पाठवला. बाजारात मिळालेला चाकू, गंजून एक झालेला. स्प्रिंग वाचंल का, असं विचारलं होतं. घेऊन ये म्हटलं. रविवारी दुपारपर्यंत पोचतो म्हणाला. दुपार टळली, फोन लागेना, आणि मी गॅलरीच्या ग्रिलपाशी जाऊन उभी राहिले. हे म्हणाले, एसटी आहे, उशीर होणारच. मलाही ते माहीत होतं. तो आला तेव्हा ऊन उतरलं होतं. टायर फुटला होता आणि फोनची बॅटरी संपली होती. त्यानं हातपाय धुतले, पोटभर जेवला, मग आम्ही टेबलापाशी बसलो. रिव्हेट काढला, थर सुटे केले, आणि स्प्रिंग त्याच्या बोटांत मधोमध मोडली. त्यानं एक शिवी हासडली. दुसरी स्प्रिंग शोधायला मी सुट्या भागांचा डबा उपडा केला.