चिनूला काय आवडतं?

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यापासून यादव गांगुर्डे यांना घरात बसवत नव्हतं. नाशिकरोडच्या दोन खोल्यांत ते येरझारा घालत, गळत नसलेला नळ आवळत. त्यात २००४च्या उन्हाळ्यात मुलगी शुभांगी लग्न होऊन कळवणला गेली आणि तिचा चिनू मागे राहिला. चिनू म्हणजे डोक्यावर तुरा असलेला करडा कॉकटील पक्षी. शुभांगीशिवाय कुणाच्या हातावर तो येत नसे.

पावसाळा सरता सरता त्याच्या पायातलं कडं रुतलं. पाय सुजला. डॉक्टर म्हणाले, "धरून कडं कापायला गेलो तर झटापटीत पाय मोडेल. खाऊचं आमिष दाखवून हातावर बसायला शिकवा. पण लवकर."

यादवरावांनी शेंगदाणे आणले, पेरू आणला, डाळ भिजवली. चिनू तोंड फिरवायचा. शुभांगीला फोन केला.

"मी काहीच द्यायचे नाही, पप्पा. आपसूक यायचा तो."

हे ऐकून ते आणखीच बेचैन झाले. सकाळ-संध्याकाळ बाजार पालथा घालू लागले. एकदा भाजीवाल्या नवसाबाईंच्या पाटीतल्या बाजरीच्या कोवळ्या कणसांवर चिमण्या तुटून पडलेल्या दिसल्या.

"ही कणसं द्या!"

"इकायची नाय ती. नातवंडांना भाजायला हायेत."

"माझा पक्षी आजारी आहे हो."

बाईंनी दोन कणसं पिशवीत टाकली.

कणीस दिसताच चिनूचा तुरा ताठ झाला. तो पिंजऱ्याच्या दारापर्यंत आला आणि झटकन मागे सरला. यादवरावांनी पुन्हा हात पुढे केला, पुन्हा तेच.

"अहो, हात किती हलतोय तुमचा," आशाबाई म्हणाल्या. "द्या इकडे."

नाइलाजाने त्यांनी कणीस बायकोकडे दिलं. चिनू आशाबाईंच्या मनगटावर चढला आणि दाणे टिपू लागला. आशाबाईंनी रोज तेच करून घेतलं. डॉक्टरांनी कडं कापलं तेव्हाही त्याने चोच वर काढली नाही. पायाचं एक बोट मात्र वाकडं राहिलं.

चिनू आपल्या हातावर आला नाही, हे यादवरावांच्या मनाला लागून राहिलं होतं. एका दुपारी त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं, कोपर टेबलावर टेकवलं आणि मुठीत कणीस धरलं. बराच वेळ चिनू नुसता बघत होता. मग अंगठ्यावर नखं टोचली. आशाबाईंनी आतून दोनदा हाक मारली, पण यादवराव ओ देईनात.