दिवाणाच्या खणातला उजेड

माझी नात अडीच वर्षांची होईपर्यंत आमच्या घरात 'बघ' हा शब्द कुणी सहज वापरला नव्हता. ती वेळेआधी जन्मली, आणि तिला किती दिसतं हे कुणालाच नेमकं सांगता येत नव्हतं. डॉक्टर विद्वान होते. त्यांनी तीन पानी अहवाल दिला, त्याचा अर्थ 'माहीत नाही' असा होता.

मागच्या डिसेंबरात मुलगी तिला घेऊन आमच्याकडे नाशिकला राहायला आली, कारण इथल्या एका केंद्रात अशा मुलांना शिकवतात. जावई पुण्याहून शनिवार-रविवारी येई. केंद्रातल्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "घरी उजेडाचं टेबल करा. खालून दिवा, वर रंगीत वस्तू. खोलीत अंधार करून रोज अर्धा तास बसवा. उजेडाकडे वळते का, ते वहीत लिहा. कळत असेल तर डोळ्यांच्या आधारानं शिकवू, नसेल तर स्पर्शानं."

"किती दिवसांत समजेल?" मुलीनं विचारलं.

"महिनाभर बघू."

तसली टेबलं मोबाइलवर विकायला होती. बुद्धिमत्ता, सर्जनशीलता आणि एकाग्रता वाढण्याची हमी किमतीत धरलेली होती. आम्हाला त्यातलं एकही नको होतं. माझी सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात गेली. खालून दिवा असलेल्या काचेवर नकाशे गिरवण्यात माझी उमेदीची वर्षं संपली. त्यामुळे "मी करतो" असं मी जाहीर केलं, आणि घरातल्यांना पर्याय उरला नाही.

जुन्या दिवाणाचा एक खण काढला. आतून त्याला पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवला. वर झाकायला दुधी ॲक्रिलिक हवं होतं. ते दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडे मिळालं. एका इच्छुकाच्या संपर्क कार्यालयासाठी केलेल्या झगमगत्या पाटीचा तो वाया गेलेला तुकडा होता. त्यावर 'भावी' एवढंच छापून झालं होतं. मी थिनर लावून दोन तास घासलं. भावी काही केल्या जायला तयार नव्हता.

एलईडीच्या पट्ट्या आणायला निघालो तेवढ्यात मेहुणा आला. विंचूरकडे त्याची शेती आहे, आणि कोंबड्यांची एक शेड.

"दाजी, पट्ट्या कशाला? माझ्याकडं साठ वॅटचे पिवळे बल्ब हायेत की, शेडमधले. पिल्लं लय खूश राहतात त्याच्याखाली."

पिवळा बल्ब हल्ली दुकानात सहसा मिळत नाही, आणि इथे तर तो घरपोच, फुकट मिळत होता. मी लगेच हो म्हणालो. पिल्लं त्याच्याखाली कशामुळे खूश राहतात, हा प्रश्न मला पडला नाही. जन्मभर इतरांच्या नकाशांतल्या चुका काढल्या, घरात भिंतभर पुस्तकं जमवली, आणि हा प्रश्न मला पडला नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुणा बल्बांबरोबर नारळही घेऊन आला. "फोडल्याबिगर लावायचं नाय, दाजी." बायकोनं ॲक्रिलिकवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं.

"फीत कापायला कुणाला बोलवायचं?" मी विचारलं.

"भावींना बोलवा," मुलगी म्हणाली आणि हसली. फार दिवसांनी हसली होती, म्हणून समारंभांबद्दलची माझी मतं मी गिळली.

जानेवारीतली थंडी होती. पडदे ओढले, बल्ब लावला. वर आकाशकंदिलातून उरलेल्या जिलेटिन कागदाच्या लाल-निळ्या चकत्या आणि प्लास्टिकच्या बांगड्या मांडल्या. नात स्वेटर-मोज्यांत गुरफटून आईच्या मांडीवर बसली होती. दहा मिनिटं काही झालं नाही. मग तिनं हात पुढे केला, बांगड्या बाजूला सारल्या, आणि सावकाश वाकून टेबलावर गाल टेकला. तिचं तोंड हसू फुटून उघडलं.

"अगंबाई! ओळखला गं उजेड!" बायको ओरडली. मेहुण्यानं शिट्टी मारली. मुलगी तिला आजीच्या मांडीवर देऊन स्वयंपाकघरात गेली, आणि बराच वेळ तिथला नळ वाहत राहिला. मी वही उघडून ड्रॉइंग ऑफिसातल्या वळणदार अक्षरात लिहिलं : हो.

असे अकरा दिवस मी 'हो' लिहिलं.

काही गोष्टी मला दिसत होत्या. खाली बल्ब असे नेमक्या तिथेच तिचा गाल जाई. दिवा लावल्या लावल्या ती काही करत नसे, थोड्या वेळानं वाकायची. रंगांकडे तर तिनं कधीच लक्ष दिलं नाही. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार होतं. मुलं सावकाश रमतात, रंग नंतर कळतात. स्वतःच्या नातीबाबत मी कुठल्याही भाविकाइतकाच भाविक निघालो.

बाराव्या दिवशी ताई घरी पाहायला आल्या. टेबलावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"काका, हे तापतंय. आजच्या आज एलईडी लावा. पोळेल तिला."

दुपारीच पट्ट्या आणून लावल्या. उजेड आता पांढरा होता, सगळीकडे सारखा. माझ्या जुन्या साहेबांनीसुद्धा पास केला असता. मुलीनं नातीला समोर बसवलं. तिनं दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. एका कोपऱ्यात नेले, दुसऱ्या कोपऱ्यात नेले, परत मधे आणले. मग एवढ्या सगळ्या उजेडाकडे पाठ करून ती आईच्या कुशीत शिरली.

"आज मूड नाही बाईसाहेबांचा," बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं झोप झाली नसल्याचं कारण काढलं.

तिसऱ्या दिवशी बायको भाजी आणायला गेली होती. नात टेबलासमोर आईच्या मांडीवर बोट चोखत बसली होती. मी आवाज न करता बटण बंद केलं. खोलीत काळोख झाला. बोट चोखण्याचा चुळूचुळू आवाज होता तसाच चालू राहिला.

"बंद केलंत ना?" मुलीनं अंधारात विचारलं.

"हो."

"मागच्या आठवड्यात इस्त्रीचे कपडे खाली ठेवले होते मी. गरम होते अजून. तिनं त्यांच्यावर असाच गाल टेकला. मला तेव्हाच कळलं."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज 'हो' लिहीत होतात, बाबा. इतक्या सुंदर अक्षरात."

मी पडदा उघडला. तिनं वही मागून घेतली आणि माझ्या अकराही नोंदींवर पट्टी न घेता एक तिरकी रेघ ओढली. खाली तिच्या घाईच्या अक्षरात लिहिलं : उजेड कळत नाही. ऊब कळते.

ताईंनी ती नोंद दोनदा वाचली. "खूप उपयोगाचं लिहिलंय," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून रेती, तांदूळ आणि दोरीच्या गाठी सुरू झाल्या. "टेबल वाया गेलं असं समजू नका, काका." मी तसं समजलो नव्हतो, पण त्यांनी म्हटल्यावर समजलो. बायको अजूनही फोनवर भावाला सांगते, की हळूहळू फरक पडेल. मी तिचं म्हणणं खोडत नाही. एका घरात खरं बोलणारी दोन माणसं पुरतात.

टेबल अजून हॉलमध्येच आहे. नात भिंतीला धरून धरून त्याच्यापाशी जाते, त्यावर दोन्ही तळवे ठेवते आणि थांबते. कितीतरी वेळ थांबते. मग मी खाली बसतो आणि तिच्या हातांवर माझे हात ठेवतो. माझे हात मूळचेच थंड आहेत. ती लगेच आपले काढून घेते.