बाईंची शाल

मंगळवारी दुपारी बारा वाजता पक्षाने नांदेडच्या सभागृहात बाईंचा सत्कार ठेवला आणि बाईंनी शाल नाकारली. बाई म्हणजे आमच्या खासदार. सहा वेळा निवडून आलेल्या, पक्षाच्या राष्ट्रीय उपाध्यक्षा. सत्काराला एवढा भिणारा पुढारी मी वीस वर्षांच्या बातमीदारीत दुसरा पाहिला नाही. पहिल्या निवडणुकीत त्यांनी ज्यांना पाडलं, त्यांचा आदल्याच महिन्यात थाटात सत्कार झाला होता. तेव्हापासून ‘सत्कार म्हंजे निरोप’ हे बाईंचं पक्कं मत. लातूरच्या एका व्यापाऱ्याने शाल पुढे केली, तर ती त्याच्याच खांद्यावर घालून त्यांनी जाहीर केलं, ‘शेटजी आजपासून निवृत्त!’ हाती आलेला नारळ त्या तिथेच फोडून वाटत. दिल्लीच्या अधिवेशनात तो व्यासपीठाच्या पायरीवर फोडला, तेव्हा पाणी राष्ट्रीय अध्यक्षांच्या बुटांवर उडालं. कुणाच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला त्या जात नसत. निरोप धाडत, ‘मला जमणार न्हाई, त्यांनाही जमू नये.’

यंदा उमेदवारी दुसऱ्याला द्यायचं ठरलं होतं. तसं सांगायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून पक्षाने शाल आणली.

‘बाई, लई केलं तुम्ही. आता आराम करा,’ जिल्हाध्यक्ष शालीची घडी मोडत म्हणाले.

‘तिकीट कापायचं हाय तर कात्री दाखवा भाऊ, शाल कशाला?’ म्हणत बाई पायऱ्या उतरल्या.

गुरुवारी दुपारी तीनपर्यंत अर्जाची मुदत होती. बाई अपक्ष उभ्या राहणार होत्या आणि अपक्षाला अर्जावर सही करणारे दहा सूचक लागतात. कार्यकर्त्यांना सही न करण्याची पक्षाची ताकीद होती, त्यामुळे दोन वाजेपर्यंत नऊच जमले. बाई निवडणूक अधिकाऱ्यांच्या दालनात ताठ बसून होत्या. सव्वादोनला त्यांचे ड्रायव्हर रशीदभाई बस स्टँडवरून एका म्हातारीला घेऊन आले. नायगावात गोधड्या शिवणाऱ्या फातमाबी. गावातली शाळा बंद पडत होती, तेव्हा बाईंसोबत दोन दिवस दारात ठाण मांडून बसलेल्या.

‘सही येत न्हाई, साहेब. अंगठा चालतो ना?’

चालत होता. अंगठा उमटवून त्यांनी पिशवीतली गोधडी काढली. रशीदभाईंनी डोळे मिटले.

‘हे काय, फातमा?’ बाईंचा आवाज चढला.

‘सत्कार न्हाई, माय. एसी लई हाय इथं. थरथरून राहिल्या तुम्ही.’

दोन वाजून चाळीस मिनिटांनी अर्ज दाखल झाला. बाहेर कडक ऊन होतं. गाडीत बसेपर्यंत गोधडी बाईंच्या खांद्यावर होती.